गाय आधी कोणता पाय उचलते

आमच्या घरात भांडणं क्वचित होत, वाद मात्र रोज. अण्णा बनारसमध्ये मंगला गौरीच्या देवळाजवळच्या एका संस्कृत पाठशाळेत न्यायशास्त्र शिकवत, आणि पाठशाळेत जे सुटत नसे ते संध्याकाळी तीन जिने चढून आमच्या दोन खोल्यांत येई. चार-पाच विद्यार्थी दाराशी चपला काढत, डोकं वाकवून आत शिरत, आणि मग 'कशावरून?' आणि 'हे कशानं ठरलं?' असे दोनच प्रश्न जेवणाच्या वेळेपर्यंत खोलीत फिरत राहत. आई पलीकडे शेगडीवर वांगं भाजत असे. वाऱ्याचा रोख बदलला की सगळा धूर बाहेरच्या खोलीत जाई. एखादा विद्यार्थी खोकत खोकत म्हणे, "शास्त्रीजी, आता तरी अग्नी आहे हे मान्य करा." अण्णा हसून म्हणत, "धूर आहे एवढं मान्य." आणि आई आतून ओरडे, "आधी जेवून घ्या, मग करा काय मान्य करायचं ते!" मला लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्या घरी असंच असतं. आमटी आंबट झाली आहे की नाही, हेसुद्धा आमच्याकडे दोन्ही बाजू ऐकून ठरत असे.

आम्ही घरात मराठी बोलायचो, पण ती बनारसचं पाणी प्यालेली मराठी. "खिडकी लावून घे, कोहरा आत येतोय" किंवा "सब्जी चढवून ठेव, मी नहाऊन येते" असं आई सहज म्हणायची. आईची मावशी भोसले घाटाजवळ राहायची, ती लग्न होऊन थेट नागपुराहून आलेली. ती आमचं बोलणं ऐकून कपाळावर हात मारायची. माझी मराठी तर आईच्याहून एक पायरी खाली होती. रागावले की हिंदी, हिशेब हिंदीत, स्वप्नंही बहुधा हिंदीतच. आज हे सगळं मराठीत लिहिताना त्या वेळी कोण कोणत्या भाषेत बोललं होतं, याचा माझाच गोंधळ उडतो. काही वाक्यं जशी ऐकली तशीच ठेवते, बाकीची आपल्या भाषेत आणते.

मी तेव्हा युनिव्हर्सिटीत प्राणिशास्त्र शिकत होते, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. शास्त्र्याची मुलगी बेडूक चिरायला जाते, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि बऱ्याच जणांना आवडलेलं नव्हतं. ते घडवून आणलं मास्टरसाहेबांनी. इंटर कॉलेजात ते आम्हांला जीवशास्त्र शिकवायचे. गालांवर उतरलेल्या गलमिशा, गळ्याभोवती तपकिरी मफलर, आणि जाड भिंगांचा चष्मा, जो दर वर्षी आणखी जाड होत गेला. निवृत्त झाल्यावर ते रामनगरला आपल्या घरी राहायला गेले होते, पण माझ्या प्रवेशाच्या वेळी नदी ओलांडून, तीन जिने चढून, धापा टाकत अण्णांकडे आले. अण्णांशी दोन तास वाद घालून ते जिंकले. अण्णांना वादात जिंकणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. आता पुन्हा तसाच प्रश्न उभा होता. नागपूरहून एक स्थळ आलेलं होतं, मुलगा बँकेत होता, आणि मला एमएस्सी करायचं होतं. मास्टरसाहेब म्हणाले होते, "शिबिर संपू दे, शेवटच्या दिवशी शास्त्रीजी येतीलच, तेव्हा मी बोलतो." ते बोलले असते तर अण्णांनी ऐकलं असतं, याची मला खात्री होती.

शिबिर त्यांचंच होतं. हिवाळ्याच्या सुट्टीत सात दिवस, सकाळी नऊपासून उन्हं उतरेपर्यंत, रामनगरच्या बाहेर एका पेरूच्या बागेत. त्यांनी त्याला 'प्रकृति शिविर' असं नाव दिलं होतं. अर्धी मुलं शहरातली, अर्धी रामनगरच्या शाळेतली, सगळी मिळून तीसेक. एक बाई झाडं शिकवायच्या, एक तरुण मास्तर पक्षी दाखवायचा, आणि माझ्याकडे विषय होता, प्राणी कसे चालतात. मी सकाळी रिक्शानं सामने घाटापर्यंत जायची आणि तिथून पीप्यांच्या, म्हणजे तरंगत्या पिंपांवर फळ्या टाकलेल्या, पुलावरून पायी पलीकडे. कोहरा इतका असायचा की पुलाच्या मध्यावर उभं राहिलं तर दोन्ही काठ दिसत नसत. फक्त पायाखालच्या फळ्यांची खडखड आणि खाली पिंपांना लागणारं पाणी. बागेत पोचेपर्यंत ऊन पडायचं. स्वयंपाकी मोठ्या कढईत चुडा-मटर, म्हणजे मटार घातलेले पोहे, परतत असायचा, त्याचा हिरवा, आल्याचा वास फाटकापर्यंत यायचा, आणि मुलं ओळीत उभी राहण्याऐवजी कढईभोवती जमायची.

पहिले दोन दिवस फार मजेत गेले. मी मुलांना बेडकासारखं बसायला लावलं आणि मागच्या पायांच्या ताकदीनं उडी मारायला सांगितलं. गांडूळ कसं आधी लांबतं आणि मग आखडतं, ते त्यांनी धुळीत लोळून करून दाखवलं, आणि शहरातल्या आया दुसऱ्या दिवशी माझ्याकडे कपड्यांची तक्रार घेऊन आल्या. खार, सरडा, बगळा सगळं झालं. हत्ती कोण होणार यावरून दोन मुलं एकमेकांना चावली. तिसऱ्या दिवशी मी चतुष्पाद काढले. पेरूच्या फांदीला मास्टरसाहेबांचा तक्ता लटकवला होता. तो त्यांनी स्वतःच्या हातानं, तरुणपणी, कापडावर कागद चिकटवून काढलेला. त्यांच्या सगळ्या नोकरीभर तो वर्गात होता, मीही त्याच्यावरच शिकले होते. त्यात एक सुंदर पांढरी गाय होती. पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकाच वेळी उचललेले, आणि वर वळणदार अक्षरांत लिहिलेलं, 'चौपायों का चलना'. मी छडीनं दाखवलं, "पुढचा डावा, मागचा उजवा, बरोबर. मग पुढचा उजवा, मागचा डावा, बरोबर." मुलं हातापायांवर उतरली आणि अगदी तशीच चालू लागली. माणसाचं मूल रांगतं तेही असंच, त्यामुळे कुणाला काही शिकवावं लागलं नाही.

एक मुलगी उभीच राहिली. गुंजा तिचं नाव. रामनगरच्या शाळेतली, अकरा वर्षांची, दोन वेण्या, भावाचा जुना कोट गुडघ्यापर्यंत आलेला. घर अहिरांचं, म्हणजे गवळ्यांचं. गाई-म्हशी होत्या, तिचे वडील दूध घेऊन रोज नदीपलीकडे जात.

"तू का नाही करत?" मी विचारलं.

"दीदी, गइया ऐसे नहीं चलती," ती म्हणाली. उद्धटपणे नाही, एखाद्यानं आपलं नाव चुकीचं घेतल्यावर आपण सांगतो तसं.

"मग कशी चालते?"

"पहिले पिछला. फिर उसी तरफ का अगला. फिर उधर का पिछला, फिर उधर का अगला. एक-एक करके."

मुलं हसली. मी तक्त्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मी म्हणाले, "चला, बघूनच येऊ." आज वाटतं, ते म्हणायच्या आधी मी जरा विचार करायला हवा होता. आम्ही सगळे बागेमागच्या तळ्यावर गेलो. तिथे तीन गाई होत्या, थंडीसाठी पाठीवर पोती बांधलेल्या. पहिली गाय उभीच राहिली. दुसरी बसली. तिसरी चालायला लागली, आणि माझ्या लक्षात आलं की मला काहीच दिसत नाहीये. चार पाय, आणि चारही हलताहेत. पुढच्याकडे बघावं तर मागचा निसटतो, मागच्याकडे बघावं तर पुढचा कधी पडला ते कळत नाही. गुंजा माझ्या शेजारी उकिडवी बसून बोट दाखवत म्हणत होती, "पिछला... अगला... पिछला... अगला..." आणि तिच्या आवाजाबरोबर पाहिलं की मला तिचं खरं वाटत होतं. तेवढ्यात जुना लाल स्वेटर घातलेली एक बकरी कुत्र्याला घाबरून तुरुतुरु पळाली. तिचे पाय मात्र मला स्पष्ट दिसले. तिरपे, जोडीजोडीनं, अगदी तक्त्यासारखे. मागून कुत्राही तसाच गेला. शहरातली मुलं ओरडली, "तक्ता सही! तक्ता सही!" गुंजा म्हणाली, "ऊ त दौड़ रही है." पण गलक्यात ते कुणी ऐकलं नाही, आणि मीही ऐकल्यासारखं केलं नाही.

घरी येईपर्यंत मी रस्त्यातली प्रत्येक गाय पाहिली. बनारसमध्ये गाईंची कमी नाही. एक गाय मला गुंजासारखी चालताना दिसली, पुढची तक्त्यासारखी, आणि तिसरी कशीच नाही. जेवताना मी अण्णांना विचारलं, "अण्णा, डोळ्यांना एक दिसतं आणि ज्याच्यावर विश्वास आहे तो माणूस दुसरं सांगतो, तर कोणाचं धरायचं?"

अण्णांचा घास हातात राहिला. असा प्रश्न घरातून यावा याचाच त्यांना आनंद झाला. "डोळ्यांना चुकीचंही दिसतं. शिंपला चांदीसारखा दिसतो. आणि विश्वासू माणूसही चुकू शकतो. विषय काय आहे?"

"गाय आधी कोणता पाय उचलते."

आई हसता हसता ताक सांडती झाली. अण्णा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी गंगेवरून परत येताना ते घरी न येता गल्लीत एका गाईच्या मागे चालू लागले. मी खिडकीतून पाहत होते. ओलं धोतर, हातात तांब्या, मान खाली, गाय थांबली की थांबायचं, चालली की चालायचं. एका दुकानदाराला वाटलं, शास्त्रीजींचं काही व्रत आहे. त्यानं पुढे येऊन गाईला हात लावला, तो कपाळाला लावला आणि तोही चार पावलं मागे चालला. मग त्याच्यामागे एक बाई. गाय बिचारी घाबरून पळाली, आणि सगळी मिरवणूक तिथेच मोडली. अण्णा वर आले तेव्हा गंभीर होते. "एकदा असं वाटलं, एकदा तसं," ते म्हणाले. "शेवटी पळाली तेव्हा तुझ्या तक्त्यासारखी. संशय आहे, सुधे. संशय वाईट नाही. फक्त जोवर ठरत नाही तोवर ठरलं असं म्हणू नये. एवढंच."

हल्ली माझी नात फोनवर कुठल्याही जनावराचं चालणं घेते आणि बोटानं हळू करून दाखवते. एकेक पाय किती वेळ हवेत राहतो तेही मोजता येतं. तिला मी ही हकीकत सांगितली तेव्हा तिचा विश्वासच बसेना की तीन जाणत्या माणसांना एका गाईचे पाय पाहता आले नाहीत. पण एकदा साधन हातात आलं की त्याच्या आधी आपण काय पाहत होतो, हे सांगता येत नाही. मला आजही सांगता येत नाही.

शिबिराचे राहिलेले दिवस मी कसेबसे काढले. मुलांना म्हणाले, "जसं तुम्हांला दिसतं तसं चाला." त्याचा परिणाम असा झाला की कुणी तिरपं चालू लागलं, कुणी एकेक पाय टाकू लागलं, कुणी नुसतंच लोळू लागलं. मास्टरसाहेब अधूनमधून येऊन उभे राहत, हसत, "शाबाश, शाबाश" म्हणत पुढे जात. मी त्यांना विचारायला हवं होतं. दोनदा मी तोंड उघडलंही. पण त्या तक्त्याच्या कडांना त्यांनी स्वतः नवं कापड शिवलेलं होतं, त्याच्याकडे बघितलं की शब्द परत जायचे. गुंजा मात्र खूश होती. ती दुपारी माझ्या शेजारी बसून पेरू खायची आणि विचारायची, "दीदी, आज देखा?" मी म्हणायची, "हां, देखा." कधी खरोखरच दिसलेलं असायचं. कधी तिला बरं वाटावं म्हणून मी म्हणायची. कोणत्या दिवशी कोणतं, ते आता वेगळं करता येत नाही.

शेवटच्या दिवशी पालक आले, रामनगरच्या शाळेच्या मोठ्या बाई आल्या. अण्णा आणि आई पूल ओलांडून आले. आईनं हळदी रंगाची शाल पांघरली होती आणि ती पेरूच्या झाडांकडे बघत होती. सगळं छान चाललं होतं. बेडूक झाले, बगळे झाले, टाळ्या झाल्या. मग मास्टरसाहेब स्वतः छडी घेऊन तक्त्याशी उभे राहिले आणि चौपाये सांगू लागले. चार मुलं गाई होऊन पुढे आली. तीन जणांनी आपसूक तिरपे पाय टाकले. गुंजानं नाही. ती मान जरा खाली घालून, सावकाश, एकेक पाय टाकत आली. मागचा, मग त्याच बाजूचा पुढचा. माणसाच्या अंगाला तसं चालणं फार अवघड जातं. तिनं त्याचा घरी सराव केला असणार. पण बाकीच्या तिघांशेजारी ती लंगडल्यासारखी दिसली, आणि लोक हसले.

मास्टरसाहेबही हसले, पण मायेनं. "नहीं बेटी, ऐसे नहीं. यह तुमको किसने सिखाया?"

गुंजा तशीच हातापायांवर थांबली. मान वर करून म्हणाली, "गइया ऐसे ही चलती है. दीदी ने भी देखा है."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मास्टरसाहेबांचे चष्म्यातले मोठे झालेले डोळे, शाळेच्या बाई, आई, आणि दुसऱ्या रांगेत अण्णा. मला आठवतं, मी 'ठरलं नाही' असंच म्हणणार होते. ते शब्द तोंडात तयार होते. आणि मी म्हणाले, "नहीं सर. घबराहट में इसके पैर गड़बड़ा गए."

का म्हणाले? एमएस्सीसाठी म्हणाले असं मी पुष्कळ वर्षं धरून चालले होते. मग वाटू लागलं, मास्टरसाहेबांना चारचौघांत खाली बघायला लागू नये म्हणून म्हणाले. कधी वाटतं, मला त्या क्षणी खरंच तक्ता बरोबर वाटला. तिन्ही कारणं खरी असतील किंवा एकही नसेल. एवढं आठवतं की गुंजा उभी राहिली, तिनं गुडघ्यांची धूळ झटकली, आणि माझ्याकडे न बघता आपल्या आईजवळ जाऊन बसली. शेवटी सगळ्या मुलांना रंगीत खडूंच्या पेट्या दिल्या. तिचं नाव पुकारलं तेव्हा ती उठली नाही.

मास्टरसाहेब त्या दिवशी अण्णांशी बोलले नाहीत. पाहुण्यांच्या गर्दीत राहून गेलं, आणि मी आठवण केली नाही. पुलावरून परतताना आई चुडा-मटरबद्दल बोलत होती, त्यात मिरी किती छान लागत होती म्हणून. अण्णा पायाखालच्या फळ्यांकडे बघत चालत होते. पूल संपल्यावर त्यांनी विचारलं, "ठरलं होतं का?"

"नाही," मी म्हणाले.

ते "हं" म्हणाले आणि रिक्शा बघायला पुढे गेले. मला ओरडले असते तर बरं झालं असतं.

तीन दिवसांनी सुट्टी संपली आणि शाळा उघडल्या. त्या दिवशी मी युनिव्हर्सिटीत जाते असं सांगून निघाले आणि पूल ओलांडून रामनगरला गेले. गुंजाचं घर विचारत विचारत सापडलं. विटा अंथरलेली अरुंद गल्ली, तिच्या टोकाला मातीचं अंगण, शेणाचा आणि ओल्या भुशाचा वास. तिच्या आईनं मला खाटेवर बसवलं आणि पितळी गिलासात गरम दूध दिलं. मी कशासाठी आले ते तिला कळेना आणि मला सांगता येईना. गुंजा शाळेतून येऊन गुरांच्या नांदेत भुसा कालवत होती. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"आज शाळेत काय झालं?"

"कुछ नहीं." मग म्हणाली, "लड़कियाँ कहती हैं, अहीर के घर की है और गाय की चाल नहीं जानती." ती हातानं भुसा दाबत होती. "दीदी, आपने देखा था कि नहीं?"

"पाहिलं होतं," मी म्हणाले. "आणि कधी कधी नव्हतंही पाहिलं."

"यह क्या बात हुई?"

काहीच नव्हती. मी तिला विचारलं, मी आता काय करू? अकरा वर्षांच्या मुलीला मी हे विचारलं, आणि तिनं अजिबात विचार न करता उत्तर दिलं, "मास्टरसाहब को ले आइए."

मास्टरसाहेबांचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. ते ओसरीवर उन्हात पाय सोडून बसले होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. गुंजाचं म्हणणं, तळ्यावरची गाय, बकरी, अण्णांची गाय, आणि शेवटी मी खोटं बोलले हे. सांगून झाल्यावर मला वाटलं, ते आता जा म्हणतील. त्यांनी मफलर गुंडाळला, काठी घेतली आणि म्हणाले, "चलो."

गुंजानं पांढरी गाय सोडून गल्लीत आणली. मास्टरसाहेब ओट्याच्या कडेला बसले, पुढे झुकले, चष्मा पुसून पुन्हा लावला. गाय त्यांच्यासमोरून गेली. परत आणली, परत गेली. मग त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि फार हळू म्हणाले, "सुधा बेटी, मुझे पैर दिखते ही नहीं. दो साल से नहीं दिखते. सफ़ेद-सफ़ेद कुछ जाता है, बस." शिबिरात ते कोणालाही बघून 'शाबाश' का म्हणत होते, आणि शेवटच्या दिवशी गुंजाला त्यांनी नुसतं लोकांचं हसू ऐकून टोकलं होतं, हे मला तेव्हा कळलं. गुंजानं गलबलून किंवा संकोचून काही म्हटलं नाही. ती म्हणाली, "त सुनिए ना."

त्यांनी डोळे मिटले. गाय विटांवरून चालू लागली. टप. टप. टप. टप. मीही डोळे मिटले. इतके दिवस पाहून जे कळलं नव्हतं ते कानांना सरळ ऐकू येत होतं. चार वेगळे आवाज, सारख्या अंतरानं. मास्टरसाहेब चार बोटांनी गुडघ्यावर ठेका धरत होते. "दो-दो साथ पड़ते, तो दो आवाज़ें होतीं," ते म्हणाले. "ये चार हैं." मग एकदम डोळे उघडून, "दौड़ाओ तो!"

गुंजानं गाईच्या पुठ्ठ्यावर थाप मारली. गाय दुडक्या चालीनं पळाली, आणि आता आवाज दोनच. टप्-टप्. टप्-टप्. मास्टरसाहेबांचा चेहरा उजळला. "यह रही मेरी तस्वीर! तस्वीर दुलकी की है. मैंने ऊपर 'चलना' लिख दिया." ते कितीतरी वेळ हसत बसले. मग तो हसरा चेहरा हळूहळू निवला, आणि ते म्हणाले, "पूरी नौकरी भर." त्यानंतर त्यांनी गुंजाला शेजारी बसवून क्रम विचारून घेतला. त्यांनी तो म्हणून दाखवला, एकदा चुकले. गुंजानं त्यांचा अंगठा धरून सांगितलं, "पिछला पहिले, मास्टरसाहब." त्यांनी पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ते शाळेत गेले. प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर उभं राहून म्हणाले की गाईची चाल गुंजाला येते, आपल्याला येत नव्हती. मी तिथे नव्हते, मोठ्या बाईंनी नंतर सांगितलं. तक्त्यावरचं 'चलना' त्यांनी कागद चिकटवून झाकलं आणि मुलाकडून 'दुलकी' लिहून घेतलं. आमचे तीन जिनेही ते चढले. अण्णांना म्हणाले, "आपकी लड़की ने मेरे लिए झूठ बोला, फिर मेरे पास आकर सच बोला. इसका क्या करूँ, मुझे समझ नहीं आता. आगे पढ़ा दीजिए." अण्णा म्हणाले की त्यांनाही समजत नाही. नागपूरला नकार कळवला गेला. मी एमएस्सी केलं, पुढे तेहतीस वर्षं शिकवलं, आणि कोणत्याही मुलीनं "बाई, असं नसतं" म्हटलं की मी हातातला खडू खाली ठेवायची. ती सवय कधी गेली नाही.

त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. मास्टरसाहेब काठी टेकत निघून गेले आणि गल्लीत आम्ही दोघीच उरलो. गुंजा पळालेल्या गाईला कोपऱ्यावरून परत आणत होती. मी गल्लीच्या मधोमध उभी राहून ती जवळ येण्याची वाट पाहत होते. पुलावरून येताना जुळवलेली वाक्यं आता कोणत्या भाषेत म्हणावी तेच सुचेना. ती जवळ आल्यावर मी एवढंच म्हणाले, "गुंजा, मुझे माफ़..."

"दीदी, हटिए," ती म्हणाली, "गइया आ रही है."

मी सरकून भिंतीला टेकले. गाय माझ्या अंगाला जवळजवळ घासून गेली, तिच्या पाठीवरच्या पोत्याचा उबट वास आला. तिनं आधी कोणता पाय उचलला ते मी पाहिलं नाही. मी गुंजाकडे पाहत होते, ती एकदा तरी मागे वळून बघते का म्हणून. तिनं गाय अंगणात नेली, खुंट्याला बांधली, आणि पुन्हा नांदेत हात घातले.